कुबियाकांची उडी

जर्मनीत मराठी माणसं जमली की ओळख कामावरून सुरू होते. कोणी गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो, कोणी सॉफ्टवेअर लिहितो, कोणाची मुलगी डार्मश्टाटला पीएच.डी. करते. माझी पाळी आली की मी सांगते, "मी भाते बांधते." मग लोक एकमेकांकडे बघतात. एका गणेशोत्सवात तर एका काकूंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं होतं, की लोहारकाम इथे बायकांनाही करावं लागतं का.

लोहारकाम नाही. अकॉर्डियन, बँडोनियन, कॉन्सर्टिना अशी जी वाद्यं दोन्ही हातांनी ओढून-दाबून वाजवतात, ती बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा माझा धंदा. जर्मनीत त्याचं रीतसर शिक्षण आहे, परीक्षा आहे. या कामाला 'हँडत्सूगइन्स्ट्रुमेंटेनमाखरिन' असा शब्द आहे आणि तो न अडखळता म्हणता आला की अर्धी परीक्षा झाली असं आमच्या वर्गात म्हणत. केमनिट्सच्या एका कार्यशाळेत मी वीसएक वर्षं हे करते आहे. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून आठवड्यातले तीनच दिवस जाते.

ही विद्या माझ्याकडे आली ती मात्र माहेरून. बाबा साताऱ्यात पेट्या दुरुस्त करायचे. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, गाण्याच्या क्लासच्या. एखाद्या पेटीचं कौतुक करायचं तर त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, "जर्मन सुरांची आहे." सूर म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, एके काळी त्या जर्मनीहून यायच्या. प्रसादशी लग्न ठरलं आणि तो त्स्विकाउला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे हे कळलं, तेव्हा बाबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की ते सूर बनायचे ते गाव तुमच्यापासून किती लांब. नोकरी पक्की आहे का, हे नंतर आईने विचारलं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एकीच्या अकॉर्डियनच्या खोक्यात मांजर व्यायली होती. पिल्लं मोठी होईपर्यंत तिने वाद्य आणलं नाही, आणि आणलं तेव्हा भात्याच्या घड्यांत केसच केस. बर्लिनहून टँगो शिकणारा एक मुलगा यायचा. त्याचं म्हणणं, बँडोनियनचा आवाज पुरेसा दुःखी नाही, तो दुःखी करून द्या. मी म्हटलं, वाद्य सुरात आहे, पुढचं तुमच्याकडे. तो रागावून गेला आणि पुढच्या महिन्यात प्रेमभंग करून घेऊन परत आला. तेव्हा वाद्य अगदी बरोबर वाजत होतं.

पण कोणी मला विचारलं की एवढ्या वर्षांत काय कमावलंस, तर मी सांगते ती गोष्ट गेल्सनकिर्शनच्या इग्नाट्स कुबियाकांच्या कॉन्सर्टिनाची आहे.

आधी हे वाद्य काय ते सांगायला हवं. आमच्या बाजूची कॉन्सर्टिना चौकोनी असते, चांगली गुबगुबीत. दोन्ही टोकांना लाकडी खोकी, त्यांवर गोल बटणं, मध्ये घड्यांचा भाता. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाहीत. आणि मुख्य खोडी अशी की एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसराच. म्हणजे बोटांनी काय वाजवायचं एवढंच पुरत नाही, ते ओढताना की दाबताना हेही हाताला पाठ असावं लागतं. उजव्या अंगठ्याखाली हवेची एक कळ असते. ती दाबली की सूर न वाजता नुसती हवा आत-बाहेर जाते. ही कळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे वाद्य जन्मलं आमच्या सॅक्सनी प्रांतात, केमनिट्समध्ये आणि आज केमनिट्समध्ये शंभर जणांना विचारा, नव्वदांना पत्ता नाही. ते गेलं पश्चिमेला, रूरच्या कोळशाच्या खाणींकडे. तिथे काम करायला पोलंडच्या बाजूची माणसं आली होती, त्यांनी ते उचललं. त्यातलीच काही आणि पोलंडातून थेट निघालेली कितीतरी अमेरिकेला गेली. शिकागोत तर पोलिश लोकांनी कॉन्सर्टिनाला पोल्का नाचाच्या बँडमध्ये असं बसवलं की लग्न म्हटलं की पोल्का आणि पोल्का म्हटलं की कॉन्सर्टिना. ट्रंपेट मिरवतो, क्लॅरिनेट लाडिकपणा करतो, पण पाय उचलायला लावते ती कॉन्सर्टिना.

आता कोणी म्हणेल, पोल्का मूळचा चेक, वाद्य सॅक्सनीचं, मग यात पोलिश वारसा तो कुठला? माझ्याच कार्यशाळेत एका विद्वान गृहस्थांनी हे ऐकवलं होतं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे कीर्तनाला जी पेटी लागते तीही बोटीने आली होती. साताऱ्यात जाऊन कोणा बुवांना सांगा की ही तुमची नाही, आणि मग मला येऊन कळवा काय झालं ते.

तर कुबियाक, त्याच रूर भागातला. ऐंशी ओलांडलेला, रुंद पंजांचा, खाणीतून निवृत्त झालेला माणूस. नात सोफी त्याला गाडीने घेऊन आली. अर्ध्या जर्मनीचा प्रवास करून आले होते आणि वाद्य चादरीत बांधलेलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हं, तर फ्राउ देसाई, ही माझ्यापेक्षा म्हातारी आहे. माझी दोन ऑपरेशनं झाली, हिचं एकही नाही."

सोफीचं मे महिन्यात लग्न होतं. त्यांच्या घरात एक रीत आहे. लग्नाचं जेवण झालं की नवरीचा पदर, म्हणजे डोक्यावरची ती पांढरी जाळी, घरातल्या बायका उतरवतात आणि तिच्या केसांवर रुमाल बांधतात. मुलीची बाई झाली असा त्याचा अर्थ. रुमालाची गाठ बसली की घरचा पोल्का सुरू होतो आणि तो याच कॉन्सर्टिनावर वाजतो. कुबियाकच्या आईच्या वेळी वाजला, बायकोच्या वेळी वाजला, सोफीच्या आईच्या वेळी वाजला. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि तेव्हापासून त्याने वाद्य उघडलं नव्हतं. सोफीसाठी उघडलं तर भात्यातून सुरांपेक्षा वाराच जास्त येत होता.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. कुबियाकला पोलिश येत नाही. एक प्रार्थना आणि खाणीत ऐकलेल्या चार शिव्या, बस. त्याच्या वडलांनी नात्झी काळात पोलिश बोलणं बंद केलं, कारण बोलणं जिवावर बेतत होतं, आणि नंतर ते परत घरात आलंच नाही. मुलांना शिकवलं नाही, गोष्टी सांगितल्या नाहीत. पण रविवारी दार-खिडक्या लावून पोल्का वाजवायचे. वाद्याला कोणी भाषा विचारत नव्हतं. आजोबांना ओपा म्हणणारी सोफी माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे पोलिश म्हणून एवढंच आहे. हा एक नाच. आणि शिकागोहून ओपाची चुलत बहीण येतेय, आयुष्यात पहिल्यांदा. तिच्यासमोर डीजे लावायचा का?"

मी वाद्य हातात घेतलं. भात्याची परीक्षा सोपी असते. वाद्याचं एक टोक धरून उचलायचं, दुसरं आपल्या वजनाने खाली जातं. हवा कुठून गळत नसेल तर अगदी सावकाश जातं. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते माइस्टर झायडेल घड्याळ लावायचे. मी मनात गणपतीच्या आरतीचं एक कडवं म्हणते. कडवं संपलं तरी भाता अर्धाही उघडला नसेल तर तो पास. कुबियाकांचा भाता पहिल्याच ओळीला टेबलाला टेकला.

नवा भाता बांधायचा ठरला. पुठ्ठ्याच्या घड्या, कोपऱ्यांना पातळ चामडं, कडांना कापडी पट्टी, सगळं सरसाने चिकटवायचं आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. उतावळ्या माणसाने या धंद्यात येऊ नये. जुना भाता काढताना त्याच्या एका कोपऱ्यात मला ठिगळांवर ठिगळं सापडली. वर औषधी पट्टी, तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्याखाली मेणकापड, आणि सर्वांत खाली एक काळ्या कडांचं गोल भोक. जळाल्याचं. मला नवल वाटलं ते याचं की एकाही ठिगळाने ते पूर्ण झाकलेलं नव्हतं. प्रत्येक तुकडा जरा तिरका, जरा अपुरा. मी मनात म्हटलं, खाणकामगाराची शिवण ही अशीच असायची, आणि तो भाता बाजूला ठेवून दिला. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचे ही आमच्याकडची पद्धत आहे.

नवा भाता झाला तो फार सुरेख झाला. मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. आरतीचं कडवं संपलं, दुसरंही संपत आलं, तरी भाता जेमतेम अर्धा उघडला होता. झायडेल असते तर चष्मा कपाळावर चढवून नुसते हुंकारले असते, आणि तो हुंकार मिळावा म्हणून मी एके काळी महिना महिना राबले आहे.

कुबियाक आणि सोफी न्यायला आले. त्याने वाद्य मांडीवर घेतलं, पट्ट्यांत हात घातले आणि सुरू केलं. काय आवाज होता. स्वच्छ, भरलेला, खोलीच्या कोपऱ्यांपर्यंत जाणारा. एक ओळ वाजवून तो थांबला. पुन्हा सुरू केलं, त्याच जागी थांबला. तिसऱ्यांदा तसंच. मग भाता मिटला, पट्टा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फार छान काम आहे." या धंद्यात हे वाक्य मान खाली घालून कोणी म्हटलं तर समजायचं की काहीतरी बिनसलंय. पण तो म्हणाला बोटं आखडलीत, सराव केला की जमेल. मीही ते मानलं.

थोड्या दिवसांनी सोफीचा फोन. ओपा वाजवत नाहीत, म्हणतात डीजेला सांगून टाक. वाद्य उत्तम आहे, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. संध्याकाळी प्रसादला मी स्वयंपाकघरात उभं करून ऐकवलं की अख्ख्या सॅक्सनीत असा भाता कोणी बांधून दाखवावा. तो बिचारा कांदा चिरत म्हणाला, "अगं, पण त्याला काय कमी वाटतंय, हे तू त्याला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. शनिवारी जुना भाता पिशवीत घालून मी गेल्सनकिर्शनची गाडी पकडली. तो परत द्यायचा राहिलाच होता, निमित्त बरं मिळालं.

कुबियाकच्या बैठकीत त्याने माझ्या आग्रहाखातर पुन्हा वाजवलं आणि पुन्हा ओळीच्या शेवटी अडखळला. मी सोफीला म्हटलं, तू नाचून दाखव. तिने मलाच ओढलं. पोल्का म्हणजे भरभर पावलं आणि गिरक्या, मला तो कधी जमलेला नाही, पण तिच्या हाताने मला बरोबर ओढून नेलं. ओळ संपली आणि ती उडी मारून हवेतच थांबल्यासारखी झाली. कुबियाक या वेळी न थांबता रेटत राहिला, म्हणून वाद्य मात्र पुढे निघून गेलं होतं. आम्ही दोघी सोफ्यावर आदळलो.

"इथे उडी असते," ती केस मागे सारत म्हणाली. "आमच्यात असंच नाचतात. पोलिश मंडळातले एक गृहस्थ म्हणत होते की पोलंडातल्या पोझनानजवळच्या कुठल्याशा गावची ही जुनी चाल आहे."

मी कुबियाकला म्हटलं, वाद्य ठेवा, नुसतं गुणगुणून दाखवा. त्याने डोळे मिटून चाल म्हटली आणि ओळीच्या शेवटी मोठ्याने श्वास घेतला, हुश्श. दुसऱ्या ओळीनंतरही तिथेच, हुश्श.

"इथे श्वास का घेता?" मी विचारलं.

"मी कुठे घेतो? ती घेते." त्याने कॉन्सर्टिनाकडे बोट दाखवलं.

मी पिशवीतून जुना भाता काढला, कोपऱ्यातली ठिगळं उलगडली, आणि मला सगळं दिसलं. भाता एवढा गळायचा की ओळ संपता संपता पुरता ताणला जायचा. पुढची ओळही ओढूनच सुरू होते. मग काय करणार? अंगठ्याने हवेची कळ दाबायची, भाता झटक्यात मिटायचा आणि पुन्हा ओढायला लागायचं. त्या झटक्यात सूर नाही, नुसता वारा. तेवढा वेळ नाचणाऱ्यांचे पाय काय करणार? ते हवेत. माझा नवा भाता ओळीच्या शेवटी अर्धाच उघडलेला असायचा. कुबियाकचे हात सवयीने शेवटाची वाट बघत राहायचे आणि शेवट येतच नव्हता.

मी हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. सांगून झाल्यावर सोफीचा चेहरा बघितला आणि वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. ती त्या काळ्या भोकाकडे बघत होती. "म्हणजे ती उडी पोलिश नाहीच," ती म्हणाली. "गळका भाता होता, एवढंच."

कुबियाक बराच वेळ ठिगळांवरून अंगठा फिरवत होता. भोक दिव्याने पडलं होतं, हे त्याला वडलांकडून माहीत होतं. वडील आणि त्यांचा थोरला भाऊ दोघं तरुण होते, एकाच खोलीत राहायचे, एकच कॉन्सर्टिना आळीपाळीने वाजवायचे, तेव्हाची गोष्ट. मग भाऊ अमेरिकेला गेला आणि वाद्य इथे राहिलं.

"माझा बाप खाणीत काय काम करायचा माहीत आहे?" तो म्हणाला. "दाबाच्या हवेच्या नळ्या जोडायचा. जमिनीखाली मैलोन्‌मैल. त्याने जोडलेला एक सांधा कधी फुसकला नाही. त्याला हे भोक बुजवता येत नव्हतं?"

आम्ही तिघंही मग त्या तिरक्या ठिगळांकडे बघत राहिलो. मेणकापड झिजून वारा जास्त जायला लागला तेव्हा ट्यूब लावली, ट्यूब सुटली तेव्हा पट्टी लावली. प्रत्येक वेळी लावली ती वारा हवा तेवढाच जाईल अशी. मी ज्याला अडाणी शिवण म्हटलं होतं ते इतकं नेमकं काम होतं की मला ते दोन महिने हाताळूनही कळलं नाही. घरची माणसं उडी मारायला शिकली होती आणि त्यांच्या पायाखालची जागा त्या माणसाने शेवटपर्यंत सांभाळली होती.

"घेऊन जा," कुबियाक मला म्हणाला, "आणि मला माझं भोक परत द्या."

जुना भाता परत बसवणं शक्य नव्हतं, पुठ्ठा पिठासारखा झाला होता, पहिल्याच नाचात फाटला असता. माझा भाता फोडायला माझं मन तयार होईना. हयातभर गळती बंद करणाऱ्या बाईने मुद्दाम गळती करायची. प्रसाद त्याच्या कारखान्यात इंजिनांच्या सीलची तपासणी करतो. त्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "एवढं काय त्यात? गळती ठरवून ठेवली की तिला व्हॉल्व्ह म्हणतात. आम्ही त्यावर सेमिनार घेतो."

मग मी भात्याला हात न लावता डाव्या बाजूच्या लाकडी चौकटीत एक भोक पाडलं. त्यात पितळी नळी बसवली, नळीवर चामड्याची चकती आणि फिरवायचा स्क्रू. पूर्ण आवळला तर वाद्य हवाबंद, सैल केला तर वारा जाणार, आणि किती जाणार ते स्क्रूच्या हातात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कुबियाक आणि सोफी पुन्हा आले. तो वाजवायला बसला, सोफी खुर्च्या बाजूला सारून नाचायला लागली आणि मी गुडघ्यांवर बसून स्क्रू फिरवत होते. अजून थोडा. जास्त झाला. मागे. बाबा पेटीचा सूर लावताना कान लावून जसे घुटमळायचे तशी मी त्या वाऱ्यापाशी घुटमळत होते. एका जागी कुबियाकचा अंगठा आपसूक कळीवर गेला, हुश्श झालं, सोफी उडाली आणि बरोबर सुरावर खाली आली. कुबियाक थांबला नाही. पूर्ण पोल्का वाजवला, मग पुन्हा पहिल्यापासून वाजवला, आणि वाजवताना त्याचे डोळे वाहत होते ते पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून सोफीने पुसले.

ते गेल्यावर दाराशी मला एकदम झायडेल आठवले. त्यांना हे दाखवायचं राहिलं. त्यांनी आधी शिव्या दिल्या असत्या, मग स्क्रू फिरवून बघितला असता, आणि कोणाला न सांगता तसाच एक बनवून बघितला असता. ते आठ वर्षांपूर्वी गेले.

लग्नाला आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. दुपारचं जेवण, लांबलचक टेबलं, कोबीची भाजी आणि केकची रांग. नवरा मुलगा हाम्बुर्गचा, शांत, उंच, महिनाभर स्वयंपाकघरात पोल्का शिकत होता असं सोफीने सांगितलं. शिकागोहून आलेली हेलेन सत्त्याऐंशीची होती, रेशमी पोशाखावर पांढरे कापडी बूट घातलेली. कुबियाकच्या त्या थोरल्या काकाची मुलगी. तिला इंग्रजी आणि थोडं पोलिश, त्याला जर्मन. सकाळपासून दोघं शेजारी बसून एकमेकांच्या ताटात केक वाढत होते आणि नुसते हसत होते. सोफी अधूनमधून येऊन दोन वाक्यं इकडची तिकडे करायची आणि जायची. एवढ्या लांबून आलेली बाई अशी पाहुण्यासारखी बसून आहे याचं मला वाईट वाटत होतं.

मग बायकांनी सोफीच्या डोक्यावरची जाळी उतरवली. आईने लाल रुमाल बांधला, गाठ मारली. कुबियाक खुर्ची पुढे ओढून बसला आणि त्याने भाता उघडला.

मी प्रसादचा हात घट्ट धरून उभी होते. पहिली ओळ पळत गेली, वारा गेला, हुश्श, आणि सगळा हॉल हवेत. म्हातारे, पोरं, सोफीची आई, नवरा मुलगासुद्धा. खाली आले ते एकाच आवाजात, टेबलावरचे ग्लास किणकिणले. प्रसाद अर्धा ठोका आधीच उतरला आणि कोणाच्या तरी पायावर उतरला. दुसरी ओळ, पुन्हा हुश्श, पुन्हा सगळे वर. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने हसत होते.

तेवढ्यात माझं लक्ष हेलेनकडे गेलं. ती नाचणाऱ्यांकडे पाठ करून, केकच्या टेबलाशी उभी होती, हातात बशी. तिला कोणाचे पाय दिसत नव्हते. तिसरी ओळ संपत आली आणि वारा जायच्या आधी, क्षणभर आधी, तिची टाच उचलली गेली. हुश्श झालं तेव्हा तिचे दोन्ही पांढरे बूट जमिनीवरून सुटलेले होते. बशीतला केक खाली पडला.

कुबियाकनेही ते पाहिलं. तो वाजवायचा थांबला.  त्याने सोफीला जवळ बोलावलं आणि हेलेनला विचारायला सांगितलं की ही उडी तिला कोणी शिकवली.

हेलेन गोंधळली. तिला प्रश्नच कळेना. मग हळूहळू म्हणाली की तिच्या वडलांकडे शिकागोत नवी कोरी, मोठी कॉन्सर्टिना होती, अजिबात न गळणारी. तरी या एका पोल्क्यात प्रत्येक ओळीनंतर ते कळ दाबून वारा सोडायचे. बँडमधली माणसं वैतागायची, म्हणायची हे काय मध्येच. सोफी तिचं बोलणं जर्मनमध्ये सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलला. "वडील त्यांना म्हणायचे," ती म्हणाली, "आमच्या घरी हे असंच वाजतं."

कुबियाक उठला. वाद्य छातीशी धरूनच तो हेलेनपर्यंत चालत गेला आणि तिच्यासमोर उभा राहून त्याने पोल्का पहिल्यापासून सुरू केला. मग त्या हॉलमध्ये जे झालं ते किती वेळ चाललं हे मी सांगू शकत नाही. एवढं आठवतं की हेलेन नाचली, माझ्याबरोबरही नाचली, आणि शेवटी शेवटी प्रसादसुद्धा सगळ्यांबरोबर खाली यायला लागला.

परत येताना मी पोल्क्याचा कोणीतरी काढलेला व्हिडिओ बाबांना पाठवला. ते आता फारसं काम करत नाहीत, पण कान तसेच आहेत. लगेच फोन आला. लग्न छान झालेलं दिसतंय म्हणाले, त्या पांढऱ्या बुटांच्या आजीबाई कोण म्हणाले, वाजवणाऱ्याचा हात पक्का आहे म्हणाले. मग जरा अवघडून, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "बाळ, बाकी सगळं जर्मन सुरांचं आहे, पण भाता गळतोय गं."

"हो बाबा."

"मग दुरुस्त कोणी केलंय हे?"

"मी," मी म्हटलं.